कथेतलं स्वप्न केवढं असावं, आणि त्याचा खर्च कोण करते?

प्रतापनगरवाली
नमस्कार मंडळी. एक कथा लिहून राहिली आहे आणि मधेच अडकली, म्हणून हा धागा काढला.

नायिका 46 वर्षांची. नागपूरच्या गणेशपेठ बसस्टँडवर रिझर्व्हेशनच्या खिडकीत बसते. नवरा खाजगी कंपनीत, पोरगा बारावीला, सासू घरी. तिला एसटीची मोठी गाडी चालवायची आहे, बस एवढंच. प्रमोशन नको, पेपरात फोटो नको. दिवसभर चंद्रपूर, यवतमाळ, अमरावतीची तिकिटं काढते आणि मनातल्या मनात जांबच्या फाट्यावर गाडी वळवत असते.

शनिवारच्या वाचनकट्ट्यावर सुरुवातीची पानं वाचून दाखवली तर एक जण म्हणाले स्वप्न फार छोटं आहे हो, वाचक कशाला थांबेल. दुसरे म्हणाले शेवटी तिला गाडी चालवताना दाखवा आणि नवरा पहिल्या सीटवर बसून टाळ्या वाजवतो असं करा. मला ऐकूनच कसंतरी झालं.

तर विचारायचं असं की, माणूस स्वतःच्या स्वप्नामागे निघतो ही गोष्ट तुम्हाला कथा-कादंबरी-नाटक-सिनेमात कुठे पटली? स्वप्न पूर्ण झालं की नाही ते जाऊ द्या, गोष्ट खरी कुठे वाटली? आणि निघालेल्या माणसामागे घरचं कोण पाहते हे किती लेखक सांगतात? मला तर वाटते बहुतेक जण तो हिशोब दाबून टाकतात.

तर्री_मार_के
पहिला नंबर! वाचून मग लिहितो.

तर्री_मार_के
वाचलं. ताई, नवऱ्याला शेवटच्या सीटवर बसवा. आपल्याकडचे खड्डे पाहता टाळ्या आपोआप वाजतील.

धंतोलीकर
स्वप्नाच्या गोष्टी म्हटलं की माझ्यासाठी पाउलो कोएलोची अल्केमिस्टच. कॉलेजात असताना कोणाची तरी झेरॉक्स कॉपी हाती लागली होती, एका रात्रीत संपवली. मेंढपाळ पोरगा, पिरॅमिडजवळ खजिना आहे असं स्वप्न पडते आणि मेंढ्या विकून निघतो. मनापासून काही पाहिजे असलं की अख्खं विश्व मदतीला येते, असं त्यात सांगितलं आहे. आजकाल त्या पुस्तकाला हसायची फॅशन आहे, पण 1988 सालच्या त्या एवढ्याशा पुस्तकाने जगभरात किती लोकांना उठवून बसवलं ते पण पहा ना. ताई तुमच्या नायिकेला तसा एक धक्का पाहिजे. खिडकीवर एखादा म्हातारा प्रवासी येऊ द्या, काहीतरी बोलून जाऊ द्या, मग गोष्ट हलेल.

इतवारीचा_मुनीम
धंतोलीकर, राग मानू नका. मीही वाचलं ते पुस्तक, पण आमचा धंदा वहीखात्याचा, त्यामुळे मला त्यात जमाखर्चच दिसत राहिला. पोराला मेंढ्या घ्यायला बापाने सोन्याची तीन जुनी नाणी दिली. बापाची इच्छा पोरगा पाद्री व्हावा अशी होती, तरी दिली. म्हणजे भांडवल बापाचं. पुढे टँजियरला लुटला गेला तर काचसामानवाल्याच्या दुकानात कमिशनवर राहिला आणि बऱ्यापैकी पैसा जोडला. मग वाळवंटात फातिमा भेटली. तिने काय करायचं? वाट पाहायची. बाप पैसे देऊन गोष्टीतून गायब, फातिमा खजुराच्या झाडाखाली बसून, आणि सगळं श्रेय विश्वाला!

त्या पुस्तकात मला पटलेला एकच माणूस, तो काचसामानवाला. त्याला मक्केला जायचं असते आणि तो जात नाही, कारण एकदा जाऊन आलो की उद्यापासून जगायचं कशासाठी. असे लोक इतवारीत दुकानागणिक सापडतील. कादंबरी त्याच्यावर पाहिजे होती.

धंतोलीकर
मुनीमजी, तुम्ही लग्नात गेले तरी आहेराची यादीच वाचत असाल.

इतवारीचा_मुनीम
वाचत नाही. लिहायला मलाच बसवतात.

सदरचा_सायकलवाला
गंमत पहा, त्या मेंढपाळ पोराचं नाव सांतियागो आणि हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याचंही सांतियागोच. 'द ओल्ड मॅन अँड द सी', पुलंनी 'एका कोळियाने' म्हणून मराठीत आणलेली. म्हाताऱ्याला 84 दिवस मासा नाही, मग असा लागला की होडीत मावेना, बाजूला बांधून आणावा लागला आणि वाटेत शार्क माशांनी फस्त केला. किनाऱ्याला सांगाडा पोचला. एका सांतियागोला खजिना, दुसऱ्याला हाडं. मला दुसरा जवळचा. आणि मुनीमजी, हा म्हातारा एकटा, बायको आधीच गेलेली, त्यामुळे तुमच्या वहीत त्याच्या नावावर कोणाचं देणं नाही.

इतवारीचा_मुनीम
आहे ना. तो लहान पोरगा, जो त्याला जेवण, कॉफी, गळाला लावायचे मासे आणून देते. घरच्यांनी त्याला दुसऱ्या होडीवर पाठवलं तरी आणते. पण तुमचं म्हणणं मान्य, तिथे लेखकाने लपवलं नाही, समोर ठेवलं.

मुक्कामी_गाडी
नमस्कार. मी एसटीत चालक होतो, आता रिटायर. कथा-कादंबऱ्या माझा विषय नाही, पोरगी मोबाईलवर हे वाचून हसत होती तिनं दाखवलं आणि अकाउंट उघडून दिलं. लेखिका ताईंच्या कामाचं थोडं सांगतो.

खिडकीतल्या बाईला गाडी कोणी हातात देणार नाही. खिडकीचं काम वेगळं, चालकाची भरती वेगळी, आणि 46 व्या वर्षी चालक म्हणून नवीन भरती होत नसते. आता एसटीत महिला चालक आल्या, चांगलंच झालं, पण त्या सगळ्या वयाने लहान पोरी. तुमची बाई फार तर लायसन काढेल. त्यालाही हलक्या गाडीचं लायसन आधी एक वर्ष जुनं पाहिजे, मग जड गाडीचं शिकाऊ मिळते. आणि शिकेल ती ड्रायव्हिंग स्कूलच्या जुन्या ट्रकवर, लालपरीवर नाही.

दुसरं असं की समोर चालवणं म्हणजे ड्रायव्हिंग असं लोकांना वाटते. समोर तर कोणीही चालवते. मागे घेऊन दाखवा. जुन्या गाडीचं स्टेअरिंग उभ्या गाडीत फिरवायला जाल तर खांदे भरून येतील, गाडी किंचित हलती ठेवूनच फिरवावं लागते. गिअर टाकताना डबल क्लच मारला नाही तर असा आवाज निघते की स्टँडवरचे पोहेवाले पण वळून पाहतात. मे महिन्यात चंद्रपूर रूटला इंजिनचं बॉनेट असं तापते की डावी मांडी भाजून निघते, आम्ही त्यावर गोणपाट ओलं करून टाकायचो, वरोऱ्यापर्यंत ते कडकडीत वाळलेलं असायचं. तुमच्या बाईला यातलं काही माहीत नसणार, तिला खिडकीतून गाडीचं फक्त तोंड दिसते.

स्वप्नाचं म्हणाल तर मला ड्रायव्हर व्हायचंच नव्हतं, पेटी वाजवायची होती. मुक्कामी गाडीची ड्युटी कोणाला नको असते, मी मागून घ्यायचो, कारण त्या गावात रात्री भजन असायचं आणि तिथली पेटी माझ्याकडे द्यायचे. तेव्हा घरी काय चालू होतं ते आमच्या मंडळींना विचारा, मला माहीत नाही.

तर्री_मार_के
काका दंडवत. ताई, नायिका रद्द करा, काकांवर लिहा.

प्रतापनगरवाली
काका, तुम्ही दिलं ते कट्ट्यावर कोणी दिलं नसतं. गोणपाट मी उचलणार, आताच सांगून ठेवते.

धरमपेठची_मावशी
भाऊंच्या शेवटच्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. त्यांनी निदान 'माहीत नाही' असं सांगितलं तरी, बहुतेक कादंबरीकार तेवढंही सांगत नाहीत.

एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' काढून वाचा. 1985 चं नाटक, आपल्याच भागातल्या धरणगावकर देशपांड्यांचा पडका वाडा, अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर. त्या घरात स्वप्न असलेल्या दोघी आहेत. प्रभाला शिकायचं होतं, ते घराण्याच्या अब्रूपायी झालं नाही, ती आतल्या आत जळत राहिली. आणि रंजू, सिनेमाचं वेड लागलेली, शिकवणीच्या मास्तरसोबत घरचे दागिने घेऊन मुंबईला पळते. आता खरं सांगा, स्वप्नामागे निघालं कोण? रंजू. आणि आपण तिलाच मूर्ख म्हणतो. प्रभाबद्दल जीव तुटतो आपला, पण ती निघाली असती तर तिलाही काय काय बोललो असतो कोण जाणे. आणि या सगळ्यात वहिनी स्वयंपाक पाहते, तिला काय पाहिजे होतं हे घरात कोणी विचारत नाही.

त्याच्याही पन्नासेक वर्षं आधी विभावरी शिरूरकरांचं 'कळ्यांचे निःश्वास' आलं, 1933. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुली, ज्यांच्या पगारावर घर चाललं आहे म्हणून त्यांच्या लग्नाची कोणाला घाई नाही. त्यातल्या एका गोष्टीचं नावच आहे 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' मुनीमजी, तुमच्या वहीचं पहिलं पान ते आहे.

इतवारीचा_मुनीम
मावशी, आजच शोधतो. बर्डीवर जुन्या पुस्तकवाल्याकडे मिळेल काय?

धरमपेठची_मावशी
लायब्ररीत पहा आधी. माझी प्रत मागू नका, आधीच सांगते, दिलेलं पुस्तक परत येत नाही हा माझा अनुभव आहे आणि ज्यांनी नेली ते हा धागा वाचत आहेत.

वाडी_नाका
सगळ्यांचं वाचलं, आता थोडं तिखट बोलतो. 'स्वप्न छोटं की मोठं' हा प्रश्नच भरल्या पोटाचा आहे. आपल्या नागपुरात घडलेला झुंड सिनेमा पहा, 2022 चा. विजय बारसे सरांच्या झोपडपट्टी फुटबॉलवर बेतलेला. त्यात मॅच जिंकण्यापेक्षा मला लक्षात राहिला तो पासपोर्टचा भाग. रिंकू राजगुरूचं पात्र आणि तिचा बाप, ती आहे हे सिद्ध करणारा कागद मिळवायला वणवण फिरतात. खेळता येते की नाही ते नंतर, आधी तू कोण याचा पुरावा आण! मेंढपाळ पोरगा समुद्र ओलांडून आफ्रिकेत गेला तेव्हा त्याला कोणी रहिवासी दाखला मागितला होता काय? विश्व मदत करते म्हणे. करत असेल, आधार लिंक असेल तर.

धंतोलीकर
वाडी नाका, पटलं. पण मग गरिबाच्या घरच्या पोराने ते पुस्तक वाचून उभारी घेतली तर त्यात वाईट काय? मी घेतली होती. आमच्या घरी तेव्हा सोन्याची नाणी नव्हती, सायकल होती, ती पण शेजाऱ्याची.

वाडी_नाका
वाईट काहीच नाही भाऊ. तुम्ही घेतली ती तुमची हिंमत. मी म्हणतो तिचं श्रेय पुस्तकाला कमी द्या, सायकलवाल्या शेजाऱ्याला जास्त द्या.

धंतोलीकर
हे मात्र मान्य. (शेजारी अजून सायकलीचं बोलून दाखवते.)

पुण्याचा_पाहुणा
नागपूरकरांच्या धाग्यात घुसतोय, सांभाळून घ्या. चैतन्य ताम्हाणेचा 'द डिसायपल' कोणी कसा काढला नाही अजून? 2020 साली व्हेनिसला पटकथेचं बक्षीस मिळालेला मराठी सिनेमा. शरद नेरुळकर नावाचा मुलगा, शास्त्रीय गाण्यासाठी आयुष्य लावतो. रात्री मोकळ्या रस्त्यावर बाईक हळूहळू चालवत गुरूंच्या गुरू माईंची जुनी भाषणं कानात ऐकत असतो. साधना, त्याग, सगळं करतो, आणि तो थोर गवई होत नाही. कारण काय तर तेवढा आवाका नाही. कोणी खलनायक नाही, कोणी पाय ओढत नाही. असं मी दुसरीकडे फार कमी पाहिलंय. आमच्या घरी तो सिनेमा संपल्यावर कोणी काही बोललं नाही, माझा भाऊ सतार शिकत होता.

तर्री_मार_के
पुणेकर येऊन इतकं सरळ बोलला, स्क्रीनशॉट काढून ठेवला.

पडदा_पडला
गाण्याचा विषय निघाला तर आपल्या दारव्हेकर मास्तरांचं 'कट्यार काळजात घुसली' विसरू नका राजेहो. 1967. सदाशिवला खाँसाहेबांचं गाणं शिकायचं आहे आणि खाँसाहेब शिकवणार नाहीत, तर हा त्यांच्याच हवेलीत नोकर बनून राहतो आणि कान लावून शिकतो. पण प्रेक्षकाला स्वतःच्या स्वप्नासाठी झुरणाऱ्या सदाशिवापेक्षा खाँसाहेब जास्त आठवतात, कारण त्या भूमिकेत वसंतराव देशपांडे होते. आणि वसंतरावांचं स्वतःचं पहा, सप्रे गुरुजींकडे नागपुरात शिकले, आणि मग कितीतरी वर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी. गाणं चालूच, नोकरीही चालूच. ही गोष्ट कादंबरीत लिहिली तर संपादक म्हणेल यात संघर्ष दिसत नाही, याने नोकरीला लाथ मारताना दाखवा.

सदरचा_सायकलवाला
वसंतरावांच्या नावाच्या सभागृहात कार्यक्रमाला जाणे हाच संघर्ष आहे. गाडी लावायला जागा मिळेपर्यंत नांदी संपते.

पडदा_पडला
सायकलवाल्याने पार्किंगवर बोलू नये.

हिंगणा_नाईट_शिफ्ट
मी इथे फक्त वाचतो, आज लिहितो. एमआयडीसीत रात्रपाळीला असतो, दोन मशीनच्या मधे वाचायला वेळ मिळते. सॉमरसेट मॉमची 'द मून अँड सिक्सपेन्स' वाचली, 1919 ची. लंडनचा शेअर दलाल, बायको, दोन लेकरं, आणि एक दिवस सगळं सोडून पॅरिसला चित्रं काढायला निघून जातो. वाचताना मला तो आवडत होता, खोटं कशाला बोलू. मला पण कॉमिक्स काढायचे आहेत आणि कधी कधी वाटते जेवणाचा डबा इथेच ठेवून निघून जावं.

पण त्यात बायकोचं पुढे काय झालं ते लेखकाने सांगितलं आहे. ती टायपिंग शिकते, टायपिंगचं ऑफिस टाकते आणि चांगलं चालवते. आणि गंमत अशी की नंतर तिला त्या टायपिंगची लाज वाटते, नवरा थोर चित्रकार निघाल्यावर मात्र त्याच्या चित्रांच्या छापील प्रती घरात टांगते. मला ते पान वाचून फार विचित्र वाटलं. अख्ख्या पुस्तकात स्वतःच्या पायावर खरोखर उभी राहिली ती बाई आणि पुस्तक तिच्याकडे जरा तिरकंच पाहते.

बाकी माझं काय करावं हे विचारत नाही, इथे फुकट सल्ले मिळतात हे माहीत आहे.

धरमपेठची_मावशी
सल्ला देत नाही रे बाळा. तुझं चित्र टाक इथे एखादं.

हिंगणा_नाईट_शिफ्ट
मावशी, सुपरवायझरची चित्रं आहेत सगळी. टाकली तर निर्णय आपोआपच होऊन जाईल.

इतवारीचा_मुनीम
हा पोट्टा हुशार आहे. पुस्तक बरोबर वाचलं त्याने.

प्रतापनगरवाली
धागा कुठच्या कुठे गेला, पण मला माझं सापडलं असं वाटते. दोन दिवस काकांच्या पोस्टवर काम केलं. आता नायिकेला एसटी मिळणारच नाही. ती कोणाला न सांगता ड्रायव्हिंग स्कूलला जाते, सकाळी सहाला, घरी सांगते फिरायला जाते. जुना ट्रक. फीचे पैसे कुठून आणले हे मुनीमजी विचारतीलच, तर तिचा भिशीचा नंबर लागला होता. ते पैसे पोराच्या लॅपटॉपसाठी ठरलेले होते. ते तिने फीला घातले.

कट्ट्यावर काल हे सांगितलं तर सगळे चिडले. म्हणे अशी आई कशी, वाचकाची सहानुभूती जाईल, भिशीऐवजी तिच्या स्वतःच्या बांगड्या विकू द्या.

धंतोलीकर
मला पण खटकलं ताई. बारावीचं वर्ष आहे हो पोराचं.

धरमपेठची_मावशी
अहो धंतोलीकर, दलाल दोन लेकरं टाकून पॅरिसला गेला तर त्याच्यावर शंभर वर्षांनी अजून चर्चा चालू आहे, आणि हिने एक लॅपटॉप पुढे ढकलला तर सहानुभूती जाते काय? बांगड्या विकल्या की ती लगेच देवी होते, मग वाचायचं काय त्यात! ठेव गं भिशीच.

वाडी_नाका
भिशीच ठेवा. पण पोराला कळू द्या आणि त्याला राग येऊ द्या. तो राग खरा आहे, त्याला शेवटी समजूतदार नका करू.

पुण्याचा_पाहुणा
आणि तिला गाडी फार चांगली चालवता येते असंही करू नका. बरी येते, एवढंच.

प्रतापनगरवाली
हो, दोन्ही घेते. धंतोलीकर, तुमचं खटकणं पण घेते, सासूच्या तोंडी टाकते. काका, एक अडलं आहे. ट्रक मागे घेताना ती पाहणार कुठे? आरशात की मान बाहेर काढून?

मुक्कामी_गाडी
दोन्ही. उजव्या बाजूला मान बाहेर, डाव्या बाजूला आरसा, आणि मागे कोणीतरी उभं पाहिजे हाका मारायला, आम्हाला कंडक्टर असायचा. नवीन माणूस आरशाकडे पाहून स्टेअरिंग उलटंच फिरवते, सगळ्यांचं होते तसं. मागचं चाक जिकडे न्यायचं तिकडेच स्टेअरिंग, हे डोक्यात बसायला वेळ लागते. तिला पहिल्या दिवशी भिंतीला टेकवू द्या, हळूच, फार नुकसान नको, मालक बोंबलते.

इतवारीचा_मुनीम
नुकसानभरपाई कोण देते ते पण लिहा.

प्रतापनगरवाली
सासू देते. तिला वाटते पोराच्या शिकवणीची फी राहिली आहे.

तर्री_मार_के
म्हणजे लॅपटॉप गेला, भिशी गेली, आता सासूची पेन्शन पण गेली. ताई, गाडी अजून स्टँडच्या बाहेर निघाली नाही!

प्रतापनगरवाली
शनिवारी पुढचं वाचणार आहे कट्ट्यावर. शंकरनगर, संध्याकाळी पाच. या सगळे, पोहे आपापल्या पैशाने.